आत्याला बाहेर जेवायला न्यायचे आहे : नागपुरातल्या जागा सुचवा

नरेंद्रनगरची लेक
नमस्कार मंडळी. माझी आत्या ८४ वर्षांची आहे. महालात आमच्या जुन्या घरी राहते. मार्चमध्ये न्हाणीत पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. आता वॉकर घेऊन घरात फिरते, अंगणातल्या तुळशीपर्यंत जाते. पण दवाखाना आणि एक फसलेली खेप सोडली तर नऊ महिन्यांत उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. परवा मी डबा उघडून देत होते तर म्हणाली, "बेटा, मला एकदा टेबलाशी बसून, कोणी आणून देईल ते जेवायचे आहे. घरचे नको."

फसलेली खेप आधी सांगते, म्हणजे माझी अडचण कळेल. दसऱ्यानंतरच्या रविवारी तिला एका नावाजलेल्या हॉटेलात नेले. दीड वाजता पोचलो. नंबर लागायला चाळीस मिनिटे, तीही पाठ नसलेल्या बाकावर. आत सोफा इतका खोल की ती त्यात रुतूनच गेली. बाथरूम कुठे म्हणून विचारले तर जिना उतरून खाली. तिने ते ऐकले आणि पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. शेवटपर्यंत एक घोट घेतला नाही. घरी आल्यावर मला म्हणते, "तुमचा रविवार वाया घालवला मी." ते वाक्य अजून मनातून जात नाही.

तिची माहिती: शाकाहारी, शुगर आहे, खालची कवळी सैल, डाव्या कानात मशीन. आम्ही चौघे असू. डिसेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात न्यायचे आहे. कुठे नेऊ?

तर्रीपोहे
ताई, विष्णूजी की रसोई. आपल्याकडचे जेवण, झुणका, भाकरी, भरीत. म्हाताऱ्या माणसांना परके वाटत नाही. माझी आजी तिथे गेली की प्रत्येक भाजीत काय काय घातले ते ओळखत बसते.

खामल्याची काकू
जेवण छान असते, पण बुफे आहे हे लक्षात ठेवा. वॉकर धरलेल्या माणसाला ताट धरता येत नाही, म्हणजे कोणीतरी आणून द्यायचे. तुमच्या आत्याने काय म्हटले ते पुन्हा वाचा, "कोणी आणून देईल ते." आयुष्यभर इतरांना वाढलेल्या बाईचे ते म्हणणे आहे. माझे मत, हॉटेलच्या माणसाने टेबलावर वाढावे अशीच जागा बघा. हल्दीरामच्या थाळीसारखे काही चालेल, पण थाळीत वाढपी दर दोन मिनिटांनी येऊन वाढत राहतात. नाही म्हणता न येणारी माणसे शुगर असून दोन गुलाबजाम खाऊन बसतात. आधीच सांगून ठेवावे लागते.

माझ्या सासऱ्यांचे सांगते. मामाजी ९१व्या वर्षी गेले. शेवटची दोन वर्षे त्यांना दर महिन्याला वडा-भात लागायचा. कवळीमुळे पोळी तुटायची नाही, भाकरीचे तर नावच नको. पण वडा-भात ते स्वतःच्या हाताने जेवायचे. गरम भातावर मिश्र डाळीचा वडा कुस्करायचा, अगदी दाणा दाणा होईपर्यंत, मग त्यावर हिंग-मोहरीचे कढवलेले तेल, आणि वरून कढी. कढी मुरली की वडा इतका मऊ होतो की नुसत्या जिभेने दाबला तरी विरतो. तेल ओतताना मामाजी डोळे मिटून वास घ्यायचे. आम्ही शेजारी गप्प बसायचो. मोठ्या हॉटेलात हा पदार्थ क्वचित मिळतो. घरगुती खानावळी आदल्या दिवशी सांगितले तर करून देतात. चौकशी करा.

अजनीवाला
माझे बाबा ७९. त्यांना सावजीच पाहिजे, ते आपले झणझणीत, तेलाच्या तर्रीचे. काय करायचे? प्रत्येक वेळी आम्ही त्यांना गोडधोड, पांढरे, फिकट जेवण असलेल्या जागी नेतो आणि ते ताटाकडे बघत बसतात.

पळसफूल
अजनीवाला, मी डॉक्टर आहे आणि माझ्याही घरी असेच बाबा होते. पित्ताचा, अल्सरचा, किडनीचा त्रास नसेल आणि त्यांचे डॉक्टर हो म्हणत असतील तर सावजी रस्सा पूर्ण बंद करायची गरज नाही. वरचा तेलाचा थर काढून टाकायचा, दोन चमचे रस्सा भातात कालवायचा, जोडीला दही. पण दुपारी खायचा, रात्री नाही. आणि पार्सल आणून घरी द्या. सावजीच्या बहुतेक खानावळी अरुंद असतात, गर्दी असते, त्यातून मार्ग काढणे त्यांना जड जाईल.

नरेंद्रनगर ताईंसाठी दोन गोष्टी. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाआधीचे असेल तर घरून निघताना घेऊन निघू नका. ताट समोर आले की घ्यायचे. वाटेत गाडी अडकली, टेबल उशिरा मिळाले, आणि औषध आधीच पोटात गेलेले असेल तर साखर उतरते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही त्याची लक्षणे. पर्समध्ये साखरेच्या पुड्या ठेवा. औषधांच्या वेळा तुमच्या डॉक्टरांकडून एकदा नक्की करून घ्या, लघवीची गोळी सकाळी असेल तर तीही विचारा.

दुसरे, वय झालेल्या माणसांचा रक्तदाब भरपेट जेवणानंतर उतरतो. बिल दिले की लगेच हात धरून उठवू नका. वीस मिनिटे बसू द्या. बरेच जण बाहेर जेवायला गेल्यावर याच क्षणी पडतात.

अजनीवाला
धन्यवाद डॉक्टर. दह्याचे सुचले नव्हते. बाबांना वाचून दाखवले, हसले.

रामटेकचा
हवा मस्त आहे, खिंडसीला का नेत नाही? तलावाकाठी ऊन अंगावर घेत जेवा. डबा सोबत असला तर उत्तमच.

खामल्याची काकू
जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात हो. नऊ महिन्यांनी पहिल्यांदा निघणाऱ्या बाईला एवढा प्रवास नको. वाटेतल्या धाब्यांवर कमोड मिळेलच असे नाही.

रामटेकचा
मान्य. पुढच्या वर्षी न्या मग, त्या बऱ्या झाल्या की. रामटेकच्या गडावर गाडी बरीच वरपर्यंत जाते, पण पायऱ्या चुकत नाहीत. खिंडसी मात्र खालीच आहे.

फिजिओताई
मी रोज खुब्याचे आणि गुडघ्याचे पेशंट पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जागेची निवड खुर्चीपासून करा, जेवण नंतर बघा. बसण्याची उंची जमिनीपासून साधारण १८ इंच हवी आणि खुर्चीला हात हवेत. बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. सांधा बदलला असेल तर हे अगदी कटाक्षाने पाळायचे. हॉटेलवाले प्रेमाने "आजीला सोफ्यावर बसवा" म्हणतात, ती सगळ्यात वाईट जागा. खुर्ची थोडी बुटकी असेल तर घरून घट्ट उशी न्या. फोमची लिबलिबीत नको.

उठताना काखेत हात घालून ओढू नका. त्यांना खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकू द्या, ऑपरेशनचा पाय किंचित पुढे, चांगला पाय मागे, आणि दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबून उठायचे. वॉकरला धरून उठायचे नाही, तो उलटतो. उभे राहिल्यावर वॉकर.

गाडीत बसतानाही तसेच. आधी पाठ सीटकडे, मग बसायचे, मग पाय आत. लहान गाडी असेल तर पुढची सीट पूर्ण मागे सरकवा आणि तिच्यावर प्लॅस्टिकची मोठी पिशवी अंथरा. साडी त्यावर सहज घसरते, वळणे सोपे जाते. वळून झाले की पिशवी ओढून काढा.

फोनवर "रॅम्प आहे का" असे विचारले तर सगळे हो म्हणतात. कित्येक ठिकाणी तो माल चढवायचा लोखंडी उतार असतो. चांगल्या रॅम्पचे माप असे की एक फूट चढायला बारा फूट लांबी. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार. दोन फुटांत चढवला असेल तर व्हीलचेअर ढकलणाराच मागे येईल. त्यापेक्षा कठडा असलेली एक पायरी परवडली. तुमच्या आत्यांना जमेल.

आणि बाथरूम स्वतः जाऊन बघा. कमोड आहे का, दार आत उघडते की बाहेर, वॉकर आत मावतो का, फरशी ओली ठेवतात का. फोनवर हे कोणी नीट सांगत नाही.

नरेंद्रनगरची लेक
फिजिओताई, हात जोडते. सोफ्यातून मी तिला काखेत धरूनच ओढले होते. तेव्हा ती कळवळली होती, मला वाटले खुबाच दुखतो.

श्रवण_धंतोली
कानाच्या मशीनविषयी लिहितो, स्वतः वापरतो. स्पीकर, मिक्सर, स्टीलच्या ताटांचा आवाज मशीनमध्ये माणसाच्या आवाजाइतकाच मोठा येतो. अशा जागी मी हसून मान डोलावतो, ऐकू काहीच येत नाही. आत्याबाईंना भिंतीला पाठ करून बसवा, म्हणजे मागून आवाज येणार नाही. बोलणाऱ्याने उजव्या, चांगल्या कानाकडे बसायचे. गाणी बंद करायला सांगायला संकोच करू नका. दुपारी बारा वाजता हॉटेल रिकामे असते, करतात.

मेट्रोप्रवासी
आत्या मेट्रोत बसल्या आहेत का कधी? नसतील तर जेवणाइतकाच तो आनंद आहे. महालातून चितारओळी स्टेशन जवळ. स्टेशनांवर लिफ्ट आहे, फाटकांतले एक रुंद असते, वॉकर जातो. गाडीत चढताना फट अगदी थोडी असते. अ‍ॅक्वा लाइन थेट धरमपेठेकडे, म्हणजे हॉटेलांच्या भागाकडे जाते, सीताबर्डीला बदलावी लागत नाही. एक सुचवतो, शंकरनगरला न उतरता पुढे सुभाषनगरपर्यंत जा. धरमपेठ कॉलेजनंतर अंबाझरी तलाव खिडकीतून दिसतो. मग उलट्या गाडीने परत या. घरच्या एकाने तुमची गाडी शंकरनगरला आणून ठेवायची. माझ्या आईने २०२०च्या जानेवारीत ही लाइन सुरू झाली त्या आठवड्यात असा फेरा मारला होता. अंबाझरी पाहून म्हणाली, "इथे आम्ही पायी यायचो."

तर्रीपोहे
आणि विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस बघून घ्या बरं. मोर्चे निघाले की सिव्हिल लाइन्स, सदर, बर्डी (सीताबर्डी) सगळीकडे वळसे. गाडीत तासभर अडकलात तर त्यांचे हाल होतील.

खामल्याची काकू
एक राहिले. आत्यांना विचारले का, त्यांना काय खायचे आहे? इतके जण लिहून राहिले, पण त्यांचे म्हणणे कुठे आले नाही अजून.

नरेंद्रनगरची लेक
काकू, तुमचा प्रश्न वाचून मी खरेच उठून फोन केला. मी धरून चालले होते की तिला मराठी थाळी आवडेल. पुरण, वरण-भात, असे. तिला विचारले तर पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटले ऐकू गेले नाही. मग म्हणाली, "मसाला डोसा. आणि कॉफी, पेल्या-वाटीतली."

आत्या शाळेत शिकवायची, गणित. लग्न केले नाही. आजोबांच्या मागे दोन भावांची शिक्षणे तिच्या पगारावर झाली, त्यातले एक माझे बाबा. पगार संपूर्ण आजीच्या हातात द्यायची. पण पगाराच्या दिवशी शाळा सुटली की ती आणि तिची एक मैत्रीण बर्डीवर जायच्या, प्रत्येकी एक मसाला डोसा खायच्या, एक कॉफी दोघींत. तेवढा एकच खर्च ती स्वतःवर करायची. हे मला पन्नास वर्षांच्या आयुष्यात कधी माहीत नव्हते. मैत्रीण आता नाही.

म्हणजे आता डोसा. सुचवा.

श्रवण_धंतोली
वीरास्वामी, सीताबर्डी. किंवा सदरचे इंडियन कॉफी हाउस, तिथली कॉफी मला अजून आवडते. पण बर्डीवर गाडी दारापर्यंत नेणे अवघड, आणि गर्दी. आधी जाऊन या.

पळसफूल
डोसा कवळीला सोपा, मधला भाग मऊ असतो. कुरकुरीत कडा सांबारात बुडवून द्या. चटणीत डाळव्याचा अख्खा दाणा राहत असेल तर बघून घ्या, कवळीखाली अडकला की खूप दुखते.

मेट्रोप्रवासी
धरमपेठ, गोकुळपेठ बाजूला दाक्षिणात्य हॉटेले बरीच आहेत. शंकरनगरला उतरून दोन मिनिटांत गाडीने पोचाल.

नरेंद्रनगरची लेक
काल मंगळवारी ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून टेप घेऊन फिरले. पाच ठिकाणे पाहिली. दोन ठिकाणी कमोड वरच्या मजल्यावर. एका ठिकाणी खुर्च्या उत्तम, १८ इंच, पण बाथरूमच्या दाराशी उंच उंबरा. बर्डीची जागा मनात होती, पण दारासमोर गाडी अर्धा मिनिटही उभी करता येत नाही. ते फार जिवावर आले, कारण तिची जुनी वाट तिकडचीच. शेवटी धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाजवळ एक छोटे हॉटेल सापडले. एकच पायरी, पाच इंच, बाजूला पाइपचा कठडा. बाथरूम त्याच मजल्यावर, दार बाहेर उघडते, वॉकर मावतो. मॅनेजर माझ्या हातातली टेप बघून जवळ आले. सांगितले तर म्हणाले, "आमच्या आईला आणतो तेव्हा त्या कोपऱ्यात बसवतो." लाकडी हातांची एक खुर्ची काउंटरमागे होती, ती देतो म्हणाले. पुढच्या गुरुवारी, पावणेबाराला.

फिजिओताई
किती छान. वॉकरच्या रबरी टोप्या तपासा. झिजल्या असतील तर बदला, मेडिकलमध्ये मिळतात.

नरेंद्रनगरची लेक
मंडळी, जाऊन आलो. सगळे लिहिते.

आत्या सकाळी सहालाच तयार. निळ्या काठांची खादी सिल्क नेसली होती, जी ती शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेसायची. दहा वाजून दहा मिनिटांनी चितारओळीच्या लिफ्टमध्ये शिरलो. मेट्रोत तिच्यासाठी एक मुलगा आपण होऊन उठला. खिडकीतून ती स्टेशने वाचत होती, मोठ्याने, वर्गात धडा वाचावा तशी. कॉटन मार्केट आले, मग सीताबर्डी. सीताबर्डीला गाडी थांबली तेव्हा तिने वाचले नाही. काच हाताने पुसली आणि खाली बघत राहिली. मी काही बोलले नाही. अंबाझरी आला तेव्हा पाणी उन्हात चमकत होते. सुभाषनगरला उतरलो, पलीकडच्या फलाटावर बाकावर दहा मिनिटे बसलो, तिने संत्र्याच्या दोन फोडी खाल्ल्या, आणि उलट्या गाडीने शंकरनगर.

अकरा पन्नासला टेबलाशी. हॉटेलात आमच्याशिवाय एकच गिऱ्हाईक होते. कोपरा, भिंतीला पाठ, लाकडी खुर्ची. मॅनेजरनी गाणी न सांगता बंद केली. गोळी डोसा टेबलावर आल्यावर दिली. वाढणाऱ्या मुलाने ताटली समोर ठेवून "आजी, अजून काही?" असे थोडे वाकून विचारले, तेव्हा तिने त्याला "सांबार गरम आहे का?" असे विचारून घेतले. तिचा तो आवाज मी नऊ महिने ऐकला नव्हता.

सुरीकाट्याला हात लावला नाही. डोशाची कड बोटांनी मोडायची, सांबारात टाकायची, ती मऊ होईपर्यंत मधली भाजी खायची, मग चमच्याने कडा. पाऊण डोसा संपवला. पाण्याचे दोन ग्लास प्यायली. मध्ये एकदा म्हणाली, "जाऊन येते," आणि वॉकर घेऊन गेली. मी दाराबाहेर उभी राहिले, आतून तिने कडी लावली नाही, पण मला आतही येऊ दिले नाही.

कॉफी आली. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, तिने तीनदा ओतली. हात थोडा थरथरत होता, दोन थेंब टेबलावर पडले. मग अर्धी कॉफी वाटीत ठेवली आणि ती वाटी माझ्यापुढे सरकवली. बिनसाखरेची, कडू कॉफी होती. मी पूर्ण प्यायले.

वीस मिनिटे बसलो. बिल आले तेव्हा माझ्या नवऱ्याने फोन काढला. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला. कमरेचा बटवा काढला, चष्मा लावला आणि बिल वरपासून खालपर्यंत तपासले, पेपर तपासायची तसे, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून. एक कॉफी जास्त लागली होती. तिने मुलाला बोलावून दाखवली, त्याने माफी मागितली, दुरुस्त करून आणले. मग नोटा मोजून दिल्या. पेन्शनच्या, कोऱ्या.

घरी आल्यावर पडल्या पडल्या झोप लागली. पाच वाजता उठली आणि भिंतीवरचे कॅलेंडर मागितले. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला पेनने गोल केला आहे.

खामल्याची काकू
वाचून पदर डोळ्यांना लावला. एक तारखेला नव्या वर्षाची गर्दी असेल हो, लवकर जा. आणि मॅनेजरांना ती खुर्ची आठवणीने बाजूला ठेवायला सांगा.

नरेंद्रनगरची लेक
सांगितले आहे. साडेअकरा.